आजार जुना, इजा नवी; भरपाई कोणी द्यायची?

कंबरेचे जुने दुखणे असलेला हमाल गोणी उचलताना कायमचा जायबंदी होतो. हृदयविकार असलेला पहारेकरी रात्रपाळीत कोसळतो. अशा वेळी मालक व विमा कंपनी यांचे उत्तर बहुधा ठरलेले असते. आजार आधीपासूनच होता, नोकरीचा त्याच्याशी संबंध नाही, असे सांगितले जाते. अनेक कुटुंबे हे उत्तर प्रमाण मानून गप्प बसतात. कायदा मात्र तसे म्हणत नाही.

कामावरील अपघाताबद्दल मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने रुजवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली असून भरपाईच्या तरतुदी आता तिच्या सातव्या प्रकरणात आहेत. मूळ कसोटी जुनीच आहे. इजा अपघाताने झालेली असावी आणि तो अपघात नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात घडलेला असावा. मालकाची जबाबदारी कशाने टळते, हेही कायद्याने सांगितले आहे: नशा, सुरक्षेच्या नियमांचे जाणूनबुजून उल्लंघन, सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकणे. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर ही कारणेही चालत नाहीत. 'आधीचा आजार' या यादीत कोठेही नाही.

पाना फिरवताना मृत्यू

या विषयावरील सर्वांत परिचित निवाडा इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचा, १९१० सालचा आहे. एक कामगार पान्याने नट आवळत असताना त्याची महारोहिणी फुटली. ती आधीच इतकी कमकुवत झाली होती, की किरकोळ श्रमानेही फुटली असती. तरीही हा अपघातच, असे बहुमताने ठरले. धडधाकट माणसाला त्या कामाने काय झाले असते, हा प्रश्न नसून या माणसाला काय झाले, हा प्रश्न आहे. शरीराच्या आत झालेली इजाही अपघात ठरू शकते, हे यातून स्पष्ट झाले.

आपल्याकडे हेच सूत्र मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणात मांडले. १९५४ च्या निवाडे-संग्रहात हा निकाल नोंदलेला आहे. पहारेकऱ्याला हृदयविकार होता. रात्रीच्या कामावर असताना त्याच्या छातीत दुखू लागले आणि नंतर त्याचा मृत्यू झाला. उभे राहण्याच्या व फिरण्याच्या ताणाने मृत्यू ओढवला, असा वैद्यकीय पुरावा होता. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या खंडपीठाने भेद केला तो असा: आजार आपल्या गतीने वाढून माणूस गेला, किंवा वर्षानुवर्षांच्या नोकरीने होणाऱ्या सर्वसाधारण झिजेने गेला, तर मालक जबाबदार नाही. परंतु नोकरी हे मृत्यूचे एक सहायक कारण ठरले असेल, किंवा तिने मृत्यू लवकर ओढवून आणला असेल, तर मालकाला जबाबदारी टाळता येणार नाही. नोकरी हे एकमेव कारण असण्याची गरज नाही. आजही बहुतेक वाद याच रेषेवर लढले जातात.

पुराव्याचा भार

केवळ कामावर असताना मृत्यू झाला, एवढे मात्र पुरेसे नाही. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या जहाजावरून बेपत्ता झालेल्या खलाशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये कार्यकारण संबंध सिद्ध करण्याचा भार दावेदारावर ठेवला. पुरावा परिस्थितिजन्य असला तरी चालेल, परंतु तर्काला आधार हवा. २००६ मध्ये एका वाहनावरील क्लीनरच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूबद्दलचा दावा याच कारणाने फेटाळला गेला, कारण कामाच्या ताणाचा पुरावाच पुढे आला नव्हता. याउलट २०१२ मध्ये दिल्लीहून हजाराहून अधिक किलोमीटर ट्रक चालवत गेलेल्या चालकाचा वाटेत अस्वस्थ वाटून मृत्यू झाला, तेव्हा त्या प्रवासाचा ताण सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला.

म्हणूनच दावेदारांच्या दृष्टीने पहिल्या काही दिवसांतील कागद मोलाचे असतात. त्या दिवशी नेमके कोणते काम केले, किती वजन उचलले, पाळी किती तासांची होती, त्रास कामाच्या कोणत्या क्षणी सुरू झाला, हे रुग्णालयाच्या पहिल्या नोंदीत आले पाहिजे. 'पाठदुखी' एवढाच शब्द लिहिला गेला, तर पुढे साक्षीदार उभे करून तो दुरुस्त करणे कठीण जाते. जुना आजार लपवण्याचा सल्लाही काही जण देतात. तो घातक आहे. जुन्या केसपेपरवरून लपवाछपवी उघड होते आणि खऱ्या दाव्यावरचाही विश्वास उडतो. उलट आजार असूनही कामगार अपघातापर्यंत पूर्ण पाळी करत होता, हे हजेरीपत्रकावरून दाखवता आले, तर त्याची बाजू बळकट होते. कारण अपंगत्वाची मोजणी अपघाताच्या वेळी तो कोणते काम करू शकत होता, यावरून होते. एक डोळा आधीच गमावलेल्या माणसाचा दुसरा डोळा कामावर गेला, तर त्याच्यासाठी तो संपूर्ण अंधार असतो.

रक्कम किती?

कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के, तर मृत्यूसाठी ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात ४५ वर्षांसाठी गुणक १६९.४४ होता. जानेवारी २०२० मध्ये ठरलेली १५ हजार रुपयांची वेतनमर्यादा धरली, तर संपूर्ण अपंगत्वाची रक्कम १५ लाख २४ हजार ९६० रुपये होते. कमाईची क्षमता ४० टक्के घटल्याचे डॉक्टरांनी ठरवले, तर ६ लाख ९ हजार ९८४ रुपये. खरी घासाघीस या टक्केवारीवरच होते. रक्कम महिनाभरात न दिल्यास वार्षिक १२ टक्के व्याज व योग्य कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंडही आकारता येतो.

राज्य कामगार विमा योजनेखालील कामगारांना हा दावा करता येत नाही. त्यांना योजनेतूनच अपंगत्व लाभ मिळतो. तेथे एक सवलत आहे. नोकरीच्या ओघात घडलेला अपघात, उलट पुरावा नसल्यास, नोकरीमुळेच घडला असे गृहीत धरले जाते.

मालकाने मोफत देऊ केलेली वैद्यकीय तपासणी विनाकारण नाकारल्यास भरपाईचा हक्क तेवढ्या काळापुरता स्थगित होतो, आणि उपचार नाकारल्याने इजा बळावली असेल तर वाढलेल्या भागाची भरपाई मिळत नाही. अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर लेखी द्यावी. दाव्याची मुदत अपघातापासून, किंवा मृत्यू झाल्यास मृत्यूच्या तारखेपासून, दोन वर्षांची आहे. सबळ कारण असल्यासच उशीर माफ होतो.