काचेमागचे नितळ पाणी : एका पितापुत्राची गोष्ट

१/ फिशटँकचे पाणी गढूळ झाले की आपला हात प्रथम बादलीकडे जातो. सारे पाणी उपसायचे, फिल्टर नळाखाली खळखळून धुवायचा, नवे पाणी भरायचे. आठवड्याभरात पाणी पुन्हा दुधाळ! असे का होते, हे कळायला विज्ञानाला चाळीस वर्षे लागली. त्या चाळीस वर्षांची ही कहाणी.

२/ वर्ष १८४६. ॲना थिन या विदुषीने टॉर्कीच्या किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळ लंडनला आपल्या घरी आणले. समुद्राचे ताजे पाणी रोज मिळणे अशक्य. म्हणून तिची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी बसून तेच पाणी रोज अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतीत असे. त्या काळी पंपाचे काम माणसाचे हात करीत.

३/ १८४९ मध्ये लंडनचेच रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी निराळा मार्ग धरला. एका टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. मासे श्वास सोडतील, वनस्पती प्राणवायू देईल, असा हिशेब. परंतु वनस्पतीची जुनी पाने कुजली आणि पाणी गढुळले.

४/ वॉरिंग्टन यांनी टाकीत पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. ‘समतोल मत्स्यालया’ची कल्पना येथून रुजली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यगृहही उघडले.

५/ पुढचे पाऊल विल्यम आल्फर्ड लॉइड यांचे. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे उघडलेल्या मत्स्यालयात त्यांनी जमिनीखाली एक प्रचंड, अंधारा हौद ठेवला. वाफेच्या यंत्राने पाणी अखंड फिरत राही : हौदातून टाक्यांत, टाक्यांतून पुन्हा हौदात.

६/ लॉइड यांचा आग्रह एकच : पाणी फेकू नका, फिरते ठेवा. हवेतील प्राणवायू घाण जाळून टाकतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. उपाय अचूक होता. कारण मात्र अर्धेच हाती लागले होते.

७/ उरलेले अर्धे कारण सांडपाण्यात सापडले. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनिया घटू लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले.

८/ नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती अशी गुंगीने थांबती ना! म्हणजे वाळू केवळ चाळणी नव्हती. तिच्या कणाकणावर सजीवांची वस्ती होती.

९/ इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथील शेती-संशोधन केंद्रात एका रसायनज्ञाने हा धागा पुढे नेला. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते, आणि या दोन पायऱ्यांचे कर्ते जीव वेगळे आहेत, हे त्यांनी दाखविले. त्यांचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनांचे हे चिरंजीव! १८९० मध्ये विनोग्रादस्की यांनी असे जीवाणू वेगळे काढले.

१०/ आपल्या फिल्टरची मांडणी याच इतिहासावर उभी आहे. आधी जाड स्पंज, मग बारीक कापूस : हे तरंगता गाळ अडवितात. शेवटी सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे : ही जीवाणूंची वसाहत. गाळ अडला की पाणी नितळ दिसते. अमोनिया संपला की ते माशांसाठी निर्मळ होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

११/ म्हणूनच स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन ही वसाहत मारतो. सगळे एकदम धुवू नये. नव्या टाकीत मासे भरण्याची घाई करू नये. वसाहत वसायला काही आठवडे लागतात. त्या नळीचे वीस दिवस आठवा.

१२/ थोरले वॉरिंग्टन १८६७ मध्ये निवर्तले. आपल्या टाकीत गोगलगायींच्या जोडीला आणखी कोण राबत होते, हे त्यांना कधीच कळले नाही. ते कळण्याचे भाग्य त्यांच्या मुलाच्या वाट्याला आले.

(समाप्त)