काळ्या पाण्याची धास्ती

समुद्र ओलांडला की जात जाते, ही भीती उच्चवर्णीय हिंदूंमध्ये एकोणिसाव्या शतकातही घट्ट रुजलेली होती. खोल पाण्याची धास्ती माणसाला उपजत असेलही. ही मात्र शिकवलेली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोकण किनाऱ्यावरची सोपारा आणि कल्याण ही बंदरे परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होती. बौधायन धर्मसूत्र समुद्रप्रवासाला पातक म्हणते, पण उत्तरेकडच्या लोकांच्या चालीरीतींतही त्याची नोंद करते. म्हणजे लोक जातच होते. पातकावर उतारा होता: तीन वर्षे दर चौथ्या जेवणवेळेला मोजके खायचे, दिवस उभ्याने आणि रात्र बसून काढायची. मध्ययुगातील कलिवर्ज्यांनी, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींच्या याद्यांनी, तीही वाट बुजवली. जहाजातून गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले, तरी त्याच्याशी व्यवहार ठेवायचा नाही, असे ठरले.

त्याच किनाऱ्यावरच्या कोळी, खारवी, भंडारी, दालदी यांना हा धडा कोणी दिला नाही. शिवाजी महाराजांच्या आरमाराला दर्यावर्दी मिळाले ते अशाच जमातींतून. कोळ्यांची भीती निराळी आणि अनुभवाची. पावसाळ्यात होड्या ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर पुन्हा पाण्यात लोटायच्या. याला भीतीपेक्षा हिशेब म्हणणे बरे.

१७८१ मध्ये राघोबादादांचे वकील हणमंतराव लंडनला गेले. ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी काचेचे रोपगृह मोकळे करून दिले, कारण स्वयंपाक सोवळ्यात व्हायला हवा होता. परतल्यावर या वकिलातीच्या ब्राह्मणांना सोन्याच्या योनीतून पार होऊन पुनर्जन्म घ्यावा लागला, असे त्या काळच्या इंग्रज लेखकांनी लिहून ठेवले आहे. विलायत कशी असेल, याची चिंता अशा माणसांना कमीच असावी. परतल्यावर पंगतीला कोण बसवेल, मुलीला स्थळ कोण देईल, ही चिंता खरी होती. अज्ञाताच्या नावाखाली भीती होती ती चांगल्या ओळखीच्या भाऊबंदांची.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या. त्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याचा निर्धार सांगितला. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या, तेव्हा बहिष्काराऐवजी कौतुक वाट्याला आले. पुढे बॅरिस्टरी आणि सनदी परीक्षांसाठी जाणाऱ्यांची संख्या वाढली, तसे प्रायश्चित्त दक्षिणा देऊन उरकण्यापुरते राहिले आणि नंतर तेही मागे पडले.