अंगणातील झाड तोडण्यापूर्वी...

झाड स्वतःच्या अंगणात असले, तरी महाराष्ट्रातील शहरांत ते परस्पर तोडता येत नाही. १९७५च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार पूर्वपरवानगी बंधनकारक आहे. झाड जाळणे वा त्यास इजा करणे हेही 'तोडणे'च ठरते.

लेखी अर्जात झाडाचे वर्णन व तोडण्याचे कारण द्यावे लागते. झाडावर आणि वृत्तपत्रांत नोटीस देऊन हरकती मागविल्या जातात. झाड मृत, रोगग्रस्त वा जीवितास धोकादायक आढळल्यास परवानगी नाकारली जात नाही.

२०२१च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. आजोबांनी लावलेला ६० वर्षांचा आंबा तोडायचा, तर ६० रोपांची तयारी हवी. विनापरवाना वृक्षतोडीस दंड व कारावासाची तरतूद आहे.