क्लोजर (जावास्क्रिप्ट)

क्लोजर : फंक्शन आणि ते जिथे लिहिले गेले तिथली चले यांची जोडी. बाहेरच्या फंक्शनचे काम आटोपल्यावरही आतल्या फंक्शनला त्याची चले वाचता आणि बदलता येतात.

ही संज्ञा पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये रूढ केली. १९७५ मधील स्कीम या भाषेचा क्लोजर हा कणाच होता. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्ट घडवताना स्कीमपासून बरेच घेतले. फंक्शनच्या आत फंक्शन लिहिण्याची सोय मात्र थोडी नंतर आली.

कार्यपद्धती : फंक्शन तयार होताना इंजिन त्याच्याशी भोवतालच्या चलांचा संदर्भ जोडते. किमतीची प्रत काढली जात नाही, चलच धरले जाते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याचा, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोडीचा, हिशेब घेऊ. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती मजुरीतून फिटते. ‘खातेउघड’ हे फंक्शन उचलीची रक्कम ‘बाकी’ या चलात ठेवून ‘वळतीकर’ हे आतले फंक्शन परत देते. (जावास्क्रिप्टमध्ये चलांना अशी देवनागरी नावे खरोखर चालतात.) उचल १,००,००० असेल, तर २०,००० वळते केल्यावर बाकी ८०,०००, पुढे १५,००० वळते केल्यावर ६५,०००. दुसऱ्या कोयत्यासाठी ‘खातेउघड’ पुन्हा चालवले की नवी, स्वतंत्र ‘बाकी’ जन्मते. तिच्यापर्यंत पोचण्याची वाट ‘वळतीकर’मधूनच जाते, बाहेरच्या कोणत्याही ओळीला तो आकडा परस्पर बदलता येत नाही. क्लोजरचा सर्वांत मोलाचा गुण हाच. ज्या आकड्यावर एका कुटुंबाचा पुढचा हंगाम ठरतो, तो असाच राखला पाहिजे.

लूपमधील चूक : १ ते १० क्रमांकांच्या लूपमध्ये ‘व्हार’ने चल घोषित करून दहा फंक्शन बनवली आणि लूप संपल्यावर चालवली, तर दहाही ११ दाखवतात; सर्वांनी एकच चल धरलेले असते. २०१५ च्या प्रमाणकातील ‘लेट’मुळे प्रत्येक फेरीला वेगळे चल मिळते.

प्रत्येक फंक्शनला क्लोजर म्हणावे, की बाहेरचे चल वापरणाऱ्यालाच, याबाबत लेखकांत एकमत नाही.

मेमरी : क्लोजर वापरात असेपर्यंत त्याने धरलेली चले मेमरीतून काढली जात नाहीत.

२०२२ च्या प्रमाणकाने क्लासला खासगी फील्ड दिली. त्यामुळे आकडा झाकण्यासाठी क्लोजर हा एकमेव मार्ग उरलेला नाही.