कुऱ्हाड, करवत आणि बॅटरी

धाकटा भाऊ कुवेतहून सुट्टीवर आला की खजूर, अत्तर आणि एखादे ब्लँकेट ठरलेले असते. या खेपेला त्याने बॅटरीवर चालणारी साखळीची करवत आणली. दोन बॅटऱ्या हातातल्या बॅगेत घेऊन आला, कारण त्या सामानात टाकायला विमानवाले परवानगी देत नाहीत. अम्मीने विचारले, "याने काय होणार?" तो म्हणाला, "फाटी." आमच्याकडे स्वयंपाक गॅसवर होतो, पण न्हाणीतले पाणी अजून चुलीवर तापते आणि घरात लग्न किंवा फातिहा असली की देगीखाली लाकूडच लागते. त्यामुळे पावसाआधी सरपण भरून ठेवण्याची रीत मोडलेली नाही.

मशीन हातात घेतल्यावर मला आधी तिच्या खानदानाची चौकशी करावीशी वाटली. हा मास्तरकीचा दोष. करवत हा शब्द संस्कृतातल्या करपत्रातून आला. उर्दूत आरा, अरबीत मिनशार. पण साखळीला दात लावण्याची कल्पना सुताराची नव्हे, डॉक्टरांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकन आणि जेम्स जेफ्री या दोघांनी हाड कापण्यासाठी दातेरी बारीक साखळी वापरली. दोन टोकांच्या मुठी धरून ती पुढेमागे ओढायची. भूल देण्याची औषधे तेव्हा आलेली नव्हती, हे लक्षात घेतले की पुढचे वाचवत नाही. पुढे १८३०च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने याने दांडा फिरवून साखळी चालवणारे हाडकापे यंत्र केले.

लाकडाची पाळी शंभर वर्षांनी आली. जर्मनीतल्याच आंद्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवर चालणारी साखळी करवत बनवली. वजन सुमारे ६४ किलो, उचलायला दोन माणसे. वीज रानात नसते, म्हणून १९२९ मध्ये त्याने पेट्रोलवरची आणली. म्हणजे हे यंत्र मुळात विजेचेच, वायरीच्या जाचातून सुटायला पेट्रोलकडे गेले आणि लिथियमची बॅटरी आल्यावर पुन्हा विजेकडे आले. अशी बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या तीन जनकांना २०१९चे नोबेल मिळाले. मधली एक गोष्ट मी वर्गात सांगतो, मुलांना फार आवडते. १९४६ साली अमेरिकेत ओरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने ओंडक्यात लाकूड खाणारी अळी पाहिली. ती आडवी-उभी कशीही सहज खात होती, कारण तिचे जबडे डावीकडे आणि उजवीकडे चालत होते. त्यावरून त्याने साखळीचे दात आलटून-पालटून डाव्या-उजव्या बाजूला वळवले. आमच्या अंगणातल्या मशीनची साखळी त्याच घडणीची आहे.

आता अंगणातच थांबायला हवे, कारण खरा इतिहास यंत्राचा नाही. लाकूड तोडायचे कोणी आणि कुणाच्या परवानगीने, हा आहे.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. आरमारासाठी लाकूड लागते हे त्यात मान्य आहे, पण रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, अगदी जीर्ण झाड हवे असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असे त्यात बजावले आहे. इंग्रजांना तेवढी भीड नव्हती. १८७८च्या वन कायद्याने रानांचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले. भातशेतीच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटणे, गुरे चारणे, मोळी आणणे, यातले जे पिढ्यानपिढ्या चालत आले होते त्यावर पहारा बसला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याआधी १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्याला झोडपले होतेच. आमच्या रायगड जिल्ह्यातच उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेले. पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसे मेली. शाळेत आपण मीठ शिकवतो, लाकूड घाईत उरकतो.

आमचा मुरूड भाग तेव्हा जंजिरा संस्थानात. फणसाडचे रान नवाबाने राखले ते शिकारीसाठी. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, रानाचे १९८६ मध्ये अभयारण्य झाले. रान वाचले ही चांगलीच गोष्ट. मात्र राखणारा बदलत गेला, तरी कुंपणाबाहेर राहणारी माणसे तीच राहिली.

त्यांतलेच एक आमच्याकडे फाटी फोडायला येणारे मामा. वाडीवरचे कातकरी. खैराच्या लाकडापासून कात करणारे म्हणून कातकरी. रान राखीव झाल्यावर तो धंदा आटला, मग ही माणसे कोळशाच्या भट्ट्यांवर गेली, आता वीटभट्ट्यांवर जातात. सहीह बुखारीत एक हदीस आहे. माणसाने दोर घेऊन लाकडाची मोळी पाठीवर आणावी आणि विकावी, हे लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा चांगले, असा तिचा आशय. जुम्माच्या बयानात ती कित्येकदा ऐकली आहे. पण त्या हदीसमध्ये डोंगर खुला आहे. मामांच्या आजीला मोळीसाठी गार्डाची नजर चुकवावी लागे, असे ते सांगतात. २००६चा वनहक्क कायदा आला, त्याचे कागद त्यांच्या वाडीत अजून फिरतायत.

दर वैशाखात मामांचे आमच्याकडे आठ दिवसांचे काम असते. यंदा भावाने आणि मी वाडीतल्या पडलेल्या आकेशियाचे तुकडे दोन संध्याकाळींत पाडले. काम मजेचे आहे, खोटे कशाला बोलू. आवाज शेजाऱ्यांना उठवण्याइतका नाही, धूर नाही. साखळीला तेल घालत राहायचे, सैल पडली की आवळायची, पात्याचे टोक लाकडाला टेकू द्यायचे नाही, नाहीतर मशीन उसळून तोंडावर येते. आणि लुंगीवर हे काम करायचे नाही. तिसऱ्या दिवशी किंजळाचा जुना बुंधा घेतला. गाठीत पाते अडकले, दोन्ही बॅटऱ्या संपल्या.

तेवढ्यात मामा आले. ओंडक्यांची रास पाहिली, मशीन पाहिले, उकिडवे बसून साखळीच्या दातावरून अंगठा हळूच फिरवला. मी काही बोलणार तर तेच म्हणाले, "मास्तर, तुकडं तुमची मशीन करील. पण फोडील कोण?"

बरोबर होते. साखळी आडवे कापते, उभे चिरायला तिचा जीव जातो. पाचर आणि कुऱ्हाड लागतेच. पण आठ दिवसांपैकी निम्मे तरी गेले, हे त्यांना माझ्याआधी कळले होते. अडकलेले पाते त्यांनीच पाचर ठोकून सोडवले. मग तंबाखू मळत म्हणाले, "आता रोजावर नको. उक्तं बोला."

उक्त्याचा आकडा त्यांनी सांगितला. मला तो चार दिवसांच्या रोजापेक्षा जास्त वाटला, अम्मीला कमी. भाऊ बॅटरी चार्जिंगला लावायला आत गेला.