भेडाघाटची रणाजिरा

जबलपूरला पोस्टिंग झालेला प्रत्येक जण भेडाघाटला जातो, धुवांधार पाहतो आणि परततो. टेकडीवरचे चौसष्ट योगिनी मंदिर बरेचदा राहून जाते. पायऱ्यांचा कंटाळा, दुसरे काय!

मंदिर गोल, कलचुरी राजवटीतले, दहाव्या शतकाच्या सुमाराचे. आतून भिंतीलगत ओवऱ्या. नाव चौसष्टाचे, पण मोजल्या तर ऐंशीच्या वर भरतात. मधल्या मोकळ्या अंगणात गौरीशंकराचे देऊळ. ओवऱ्यांत दगडी योगिनी. हारांचा मणी न् मणी वेगळा दिसावा असे काम, आणि बहुतेकींचे हात तुटलेले, चेहरे फोडलेले. ओळख पटते ती बैठकीवर कोरलेल्या नावावरून. अजिता, जयंती, कामदा... आणि एक रणाजिरा. अजिर म्हणजे अंगण, म्हणजे ही रणांगणाची! तिथे माझा हात नकळत गळ्यातल्या ओळखबिल्ल्याकडे गेला. तोही याचसाठी असतो.

कलचुरींचे लेख एकत्र संपादून १९५५ साली ग्रंथरूपाने आणले ते नागपूरच्या वा. वि. मिराशींनी, आपल्याच माणसाने. जाल तेव्हा सकाळी जा आणि मूर्तीसमोर वाकून बैठक पाहा. अक्षरे पुसट आहेत, पण तिरप्या उन्हात लागतात.