अंधबिंदू
अंधबिंदू : डोळ्याच्या दृष्टिपटलावरील प्रकाशसंवेदी पेशी नसलेला, त्यामुळे दृष्टिहीन असलेला लहानसा भाग. फ्रेंच भौतिकीविज्ञ एद्म मारिऑत यांनी १६६० च्या दशकात तो प्रयोगाने दाखवून दिला.

पृष्ठवंशी प्राण्यांत दृष्टिपटलाचे चेतातंतू प्रकाशसंवेदी पेशींच्या पुढे, डोळ्याच्या आतल्या बाजूस असतात. माणसाच्या प्रत्येक डोळ्यातील असे सुमारे दहा लाख तंतू एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात व त्यांची दृक्चेता बनते (→ चेतासंस्था). या निर्गमस्थानी शंकू व दंड या प्रकाशसंवेदी पेशींना जागा उरत नाही (→ दृष्टिपटल). ऑक्टोपसमध्ये हे तंतू पेशींच्या मागून निघत असल्याने त्याला अंधबिंदू नसतो.

माणसात अंधबिंदू पीतबिंदूच्या (दृष्टिपटलावरील नजरेच्या केंद्राच्या जागेच्या) नाकाकडील बाजूस असून त्याची रुंदी सुमारे दीड मिमी. असते. दृष्टिक्षेत्रात मात्र तो नजरेच्या केंद्रापासून कानाच्या बाजूस सुमारे १५° अंतरावर येतो. कागदावर डावीकडे फुली व तिच्या उजवीस ८ सेंमी. वर ठिपका काढावा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद सुमारे ३० सेंमी. अंतरावर आणला, की ठिपका दिसेनासा होतो. एरवी ही उणीव जाणवत नाही. कारण एका डोळ्याला न दिसणारा भाग दुसऱ्याला दिसतो आणि एकच डोळा उघडा असतानाही मेंदू भोवतालच्या रंगरूपावरून रिकामी जागा भरून काढतो (→ दृक्संवेदन).

नेत्रपरीक्षेत या जागी दिसणाऱ्या दृक्चेताबिंबाला महत्त्व आहे. काचबिंदूत त्यातील खळगा मोठा होतो, तर कवटीतील दाब वाढल्यास बिंब सुजते (→ काचबिंदू).